लातूरचे सर, दुबईचा फ्लॅट आणि शिकवणीचा परवाना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सर लातूरच्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. २०२३ मध्ये ते निवृत्त झाले. मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेवर होत्या, त्या पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. दोघांची आयकर विवरणपत्रं आमच्याकडे भरली जातात, त्यामुळे हे प्रकरण पहिल्यापासून आमच्या टेबलावरून गेलं. ओळख लागू नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत, निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

दोघांनाही जुन्या योजनेतली पेन्शन. ग्रॅच्युइटी, पेन्शन विक्री (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) आणि भविष्य निर्वाह निधी मिळून ७५ लाखांच्या आसपास ठेवी. लातुरात २००४ साली बांधलेला दोन मजली बंगला, आजचा भाव सव्वा कोट धरा. औसा तालुक्यात साडेचार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. शेती धाकटा भाऊ बघतो. एकुलती एक लेक दुबईत एका लॉजिस्टिक्स कंपनीत, जावई तिथेच, नातू पाच वर्षांचा. लेकीचा फोन रोजचा आणि वाक्य ठरलेलं: "पप्पा, आता तिथं कोणासाठी राहायलात?"

सरांना जायचं होतंच. पण रिकामं बसायची त्यांना भीती होती. ज्या गावात अकरावी-बारावीच्या पोरांसाठी अख्ख्या गल्ल्या क्लासच्या पाट्यांनी भरलेल्या आहेत, तिथे तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस नातवाला बागेत नेऊन दिवस काढील, हे कुणालाच पटत नव्हतं.

अडचण कशी उभी राहिली

ऑगस्ट २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरातल्या एका हॉटेलात दुबईच्या मालमत्तांचा मेळावा होता. चहा, सामोसे, मोठा पडदा. सर तिथून एक माहितीपत्रक आणि अर्धवट भरलेला बुकिंग फॉर्म घेऊन परतले. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत एक बेडरूमचा फ्लॅट, किंमत १० लाख ४० हजार दिरहम. त्या वेळी दिरहम २३ रुपयांच्या घरात होता, म्हणजे जवळजवळ २ कोटी ४० लाख. २० टक्के आता, ४० टक्के बांधकाम चालू असताना, उरलेले ताबा घेताना. मेळाव्यातल्या एजंटाने सांगितलं होतं ते असं: घर घेतलं की निवृत्तीचा व्हिसा मिळतो, व्हिसा मिळाला की काम करता येतं, आणि नाही राहिलात तर भाड्याने ८ टक्के सुटतात.

बंगला विकायचा, ठेवी मोडायच्या आणि फ्लॅट घ्यायचा, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. आमच्याकडे ते फक्त "कर किती लागंल?" एवढं विचारायला आले होते.

या व्यवहारात तिथे राहायची परवानगी, कामाची परवानगी आणि घराची मालकी या तीन गोष्टी एकाच पुडीत बांधून विकल्या जात होत्या. कायद्यात त्या तिन्ही वेगळ्या आहेत. आणि तिन्हींपैकी परत फिरवायला सगळ्यात अवघड जी, ती घरखरेदी, ती सर सगळ्यात आधी करायला निघाले होते.

पहिला निर्णय: टोकन

फॉर्मसोबत एक तोंडी सूचना होती. टोकनचे ५ लाख इथेच रुपयांत द्या, तिकडे दिरहम जमा होतील. सरांना यात सोय दिसली. हे सरळ परकीय चलन कायद्याबाहेरचं काम आहे. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशात घर घ्यायचं तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, आपल्या बँकेमार्फत, ए-टू फॉर्म भरून पैसे पाठवायचे. मर्यादा दर माणशी, दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. त्यासाठी बँक कर्जही देत नाही.

टोकन दिलं नाही. त्याऐवजी एजंटाला ईमेलवर एकच प्रश्न विचारला: पहिला हप्ता भरल्यावर, ताबा मिळायच्या आधी, दोघांना निवृत्तीचा व्हिसा मिळेल असं लिहून देता का? फोन बरेच आले. लिहून काही आलं नाही.

पर्याय मांडताना

आधी हिशोब फ्लॅटचाच केला, कारण मन तिथे गुंतलेलं होतं.

डॉलर आणि दिरहम यांचा दर ३.६७२५ असा बांधलेला आहे. म्हणजे एका माणसाची वर्षाची मर्यादा ९ लाख १८ हजार दिरहम होते. फ्लॅटच्या किमतीला ती पुरत नाही. त्यावर दुबईच्या भूमी विभागाची ४ टक्के नोंदणी फी, म्हणजे आणखी ४१ हजार ६०० दिरहम. दोघांच्या मर्यादा मिळून किंवा दोन वर्षांत विभागून हे बसलं असतं, तेव्हा अडचण इथे नव्हती.

अडचण होती स्रोतावर गोळा होणाऱ्या कराची. २०२४-२५ मध्ये ७ लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कापून ठेवत होती (१ एप्रिल २०२५ पासून ही सीमा १० लाख झाली). पहिला हप्ता ४८ लाखांच्या आसपास. एकट्या सरांच्या खात्यातून गेला असता तर ८ लाखांहून जास्त रक्कम अडकली असती, दोघांत विभागला तर पावणेसात. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वजावट किंवा परतावा मिळतो. पण पेन्शनवर जगणाऱ्या घराला वर्षभर इतकी रक्कम अडकणं म्हणजे ठेव मोडणं.

बंगल्याचा भाग त्याहून कडू निघाला. घर विकून घर घेतलं की भांडवली नफ्यावर कर लागत नाही, हे सरांनी ऐकलेलं. खरंही आहे, पण २०१४ च्या दुरुस्तीपासून नवीन घर भारतातच असावं लागतं. लातूरचा बंगला विकून दुबईत फ्लॅट घेतला तर ही सूट शून्य. जुलै २०२४ च्या बदलानंतर १२.५ टक्के सरळ, किंवा जुन्या घरासाठी २० टक्के महागाई निर्देशांकासह, यांतला जो कमी तो कर भरावाच लागला असता. शेत विकायचीही चर्चा झाली. औशाच्या हद्दीपासून ते दोन किलोमीटरच्या पलीकडे असल्याने ग्रामीण शेतजमीन ठरत होतं, भांडवली नफ्याचा कर नव्हता. कराच्या दृष्टीने शेत विकणं स्वस्त आणि बंगला विकणं महाग! मॅडमनी मात्र शेताचा विषय जागीच बंद केला. "ते आमच्या सासऱ्यानं ठेवलेलं हाय," एवढंच म्हणाल्या.

मग व्हिसा. संयुक्त अरब अमिरातीचा पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा वयाच्या ५५ नंतर मिळतो आणि किमान १५ वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. वरून तीनपैकी एक अट: १० लाख दिरहमची मालमत्ता, तेवढी बचत, किंवा महिन्याला २० हजार दिरहमचं उत्पन्न (दुबईसाठी १५ हजार). दोघांची पेन्शन मिळून ५ हजार दिरहमही भरत नव्हती. म्हणजे उत्पन्नाचा रस्ता बंद आणि बचतीचाही. उरला मालमत्तेचा, आणि त्यासाठी लातुरातलं जवळपास सगळं विकावं लागणार होतं. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसाला २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. त्यावर चर्चाही केली नाही.

ज्याच्याकडे पाहिलंच गेलं नव्हतं तो रस्ता लेकीच्या घरातून जात होता. पुरेसा पगार, पुरेसं घर आणि आरोग्यविमा असेल तर तिथला रहिवासी आईवडिलांना आपल्या जबाबदारीवर बोलावू शकतो. दोघांना एकत्रच, आणि एकेका वर्षासाठी. लेकीचा पगार २० हजार दिरहमच्या वर होता. सरांना हे नको होतं. "लेकीच्या व्हिसावर जायचं म्हणजे…" हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आमच्याकडच्या पिढीला लेकीच्या घरी पाण्याचा घोट घेतानाही संकोच वाटायचा, आणि इथे तर तिच्या नावावर कायद्याने राहायचं होतं. माझ्या मते २ कोटी ४० लाखांच्या फ्लॅटमागचं खरं कारण हेच होतं. परतावा-बिरतावा सगळं नंतरचं.

आणखी एक पर्याय होता, लातुरातच बसून तिकडच्या मुलांना ऑनलाइन शिकवण्याचा. तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात स्वस्त. पण त्यात नातू नव्हता.

दुसरा निर्णय: आधी राहून बघायचं

नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघं पर्यटक व्हिसावर गेले. जाण्याआधी पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला सरकारच्या जीवन प्रमाण सेवेवर मोबाइलने चेहरा दाखवून दिला, म्हणजे कोषागाराच्या चकरा वाचल्या आणि पुढच्या वर्षी तिकडून कसा द्यायचा त्याची तालीमही झाली.

तिथे आठवडाभरात काम सरांच्या दारात आलं. लेकीच्या इमारतीत सीबीएसई शाळांची मुलं भरपूर, शाळेचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च, आणि नीट परीक्षेची केंद्रंही अमिरातीत आहेत. लातूरचे भौतिकशास्त्राचे सर आलेत म्हटल्यावर खालच्या मजल्यावरचे केरळी पालकही विचारायला आले. शारजातल्या एका क्लासचालकाने तर तासाचा दर सांगून टाकला आणि म्हणाला, व्हिजिटवरच सुरू करा, नंतर बघू.

पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्येच तिथल्या कामगार कायद्यात दुरुस्ती होऊन विनापरवाना माणूस ठेवणाऱ्या मालकाचा दंड १ लाख ते १० लाख दिरहमपर्यंत नेला होता. दंड मालकाला असला तरी काम करणाऱ्यालाही परत पाठवलं जाऊ शकतं. सरांनी नकार दिला. पालकांनाही थांबायला सांगितलं. नातवाला तेवढं चुंबकाचे खेळ दाखवत बसले.

त्या मुक्कामात एकदा बुकिंग करायचं होतं ती जागा बघायला गेले. लेकीच्या घरापासून मेट्रो आणि बस मिळून सव्वा तास. भोवती क्रेन आणि वाळू. दर चौरस फुटाला वर्षाचा देखभाल खर्च किती, हे साइटवरच्या माणसाने सांगितलं आणि माहितीपत्रकातल्या ८ टक्क्यांत तो धरलेलाच नव्हता. त्या रात्री फॉर्म फाडला, असं मॅडम सांगतात. सर म्हणतात, कपाटात आहे.

तिसरा निर्णय: कामाचा परवाना

डिसेंबर २०२३ मध्ये अमिरातीने खासगी शिकवणीसाठी वेगळा परवाना सुरू केला आहे. त्याआधी घरगुती शिकवण्या सर्रास चालत, पण बेकायदा. हा परवाना दोन वर्षांचा, फी नाही, अर्ज मनुष्यबळ मंत्रालयाच्या ॲपवर. शाळेत नोकरीला असलेले शिक्षक, बिनरोजगार माणसं, १५ ते १८ वयाची मुलं आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना तो मिळतो. आचारसंहितेवर सही करावी लागते. मात्र आधी तिथला रहिवास हवा.

म्हणजे क्रम ठरला: पहिल्यांदा लेकीच्या जबाबदारीवरचा व्हिसा, मग परवाना, आणि घराचा विचार त्यानंतर, करायचाच असेल तर.

कागद जमवण्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. सरांना शाळेतल्या नोकरीचाही रस्ता उघडा ठेवायचा होता, त्यासाठी पदव्या साक्षांकित हव्यात. आपल्या पदवीवर नुसता अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मारलेला) शिक्का तिथे चालत नाही. राज्य, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास अशी सगळी साखळी करावी लागते. सरांची एम.एस्सी.ची पदवी १९८९ ची, तिच्यावर नाव "मराठवाडा विद्यापीठ". १९९४ च्या नामविस्तारानंतर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघून लातूर तिकडे जोडलं गेलं. त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालेलं. पडताळणी कुठल्या विद्यापीठाने करायची, इथूनच सुरुवात. सर आधी नांदेडला गेले, मग संभाजीनगरला. १९९४ च्या आधीच्या पदवीवाल्यांनी थेट संभाजीनगर गाठावं.

निघण्याआधीची इतर कामं मात्र नीट झाली. शेतीच्या आणि बंगल्याच्या व्यवहारांसाठी भावाच्या नावे मुखत्यारपत्र लातुरातच दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं. शेत विकण्याचा अधिकार त्यातून मुद्दाम वगळला. बंगल्याचा वरचा मजला नीटची तयारी करणाऱ्या मुलींना भाड्याने दिला, भाडेकराराची नोंदणी केली. दुबईत भाड्याने ८ टक्के मिळवायला निघालेल्या माणसाचा लातूरचा रिकामा मजला तोवर फुकट पडून होता!

काय झालं

मे २०२५ मध्ये व्हिसा झाला, वैद्यकीय तपासणी आणि ओळखपत्र झालं, आणि जुलैपर्यंत शिकवणीचा परवानाही हातात आला. शाळेची नोकरी मिळाली नाही, दोन ठिकाणी वय विचारून थांबले. शिकवणीला अकरावी-बारावीची सात मुलं आहेत. दोघांची मिळून पेन्शन जेवढी, तेवढंच जवळपास सर तिथे कमावतात. विम्याचा हप्ता, मॅडमच्या मधुमेहामुळे, धरला होता त्याहून बराच जास्त निघाला. तो लेक भरते आणि सर तिला शिकवणीतून परत देतात. ती घेत नव्हती, पण त्याशिवाय सर राहायला तयार नव्हते.

कामासाठी आणि राहण्यासाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याने माणूस अनिवासी होतो. त्यांची बचत खाती एनआरओ (अनिवासी माणसाचं भारतातलं रुपयांचं खातं) करून घेतली. ठेवींच्या व्याजावर पूर्वी १० टक्के कापले जायचे, ते आता ३० आणि वर उपकर. परतावा मिळतो, पण पुन्हा वाट बघणं आलं. आयकराची निवासी-अनिवासी मोजणी वेगळी, वर्षात भारतात राहिलेल्या दिवसांवर चालणारी. १८२ दिवस सगळ्यांना माहीत असतात, ६० दिवसांचाही एक नियम आहे तो माहीत नसतो. आयकराने निवासी ठरलात तर दुबईची शिकवणी इथे करपात्र आणि तिथलं बँक खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं. न दाखवल्याचा दंड काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा होऊ शकतो. म्हणून सरांना पासपोर्टच्या शिक्क्यांची वही ठेवायला लावली आहे. ती ते प्रयोगवहीसारखी ठेवतात, तारीख, वेळ, सही.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत औशाचं सोयाबीन पाण्यात गेलं. ई-पीक पाहणी भावाने वेळेत केली होती आणि मुखत्यारपत्र होतं, त्यामुळे पंचनाम्याला सर नसूनही अडलं नाही. पण ते आठ दिवस सर शिकवू शकले नाहीत, दिवसभर फोनवर.

फ्लॅट घेतलेला नाही. मधल्या काळात दुबईचे भाव वाढले, हेही सांगायला हवं. एजंटाच्या म्हणण्याप्रमाणे तोच फ्लॅट आज बराच महाग आहे. नुसता भाव बघितला तर थांबून सरांनी पैसे गमावले. पण वाढलेला भाव हातात यायला आधी लातूरचं घर गेलं असतं, आणि घेणाराही शोधावा लागला असता.

वेगळं काय करता आलं असतं

शेताला लागून असलेलं एक एकर ऑक्टोबरमध्ये विकायला निघालं. सर ते कित्येक वर्षं मागत होते. आता घेता आलं नाही, कारण अनिवासी भारतीयाला आधीची शेतजमीन ठेवता येते, नवीन विकत घेता येत नाही. भावाच्या नावावर आपल्या पैशाने घ्यायचं म्हणाले तेव्हा बेनामी व्यवहार कायद्याची आठवण करून द्यावी लागली. जमीन भावाने स्वतःच्या कर्जाने घेतली. निघण्याआधी शेजाऱ्याला एकदा विचारायला हवं होतं. अनिवासी होण्यापूर्वी काय काय कायमचं बंद होतं, याची यादी अशा प्रत्येक घराने करून घ्यावी. आम्ही आता सुरुवातीलाच ती देतो.

मृत्युपत्राचं काम अजून बाकी आहे. तिथे मृत्युपत्र नसेल तर बिगरमुस्लिमांसाठी २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याने अर्धा हिस्सा जोडीदाराला आणि अर्धा मुलांना जातो. एकच लेक असल्याने वाद होणार नाही, पण उद्या तिथे घर घेतलं तर हे काम आधी झालं पाहिजे.

सगळ्यात मोठी राहिलेली गोष्ट मॅडमची. सगळे हिशोब सरांच्या कामाभोवती झाले. शिकवणीचा परवाना मॅडमनाही मिळू शकतो, पण त्यांनी आयुष्यभर पहिली-दुसरीला मराठीतून शिकवलं. त्या इमारतीत त्याची मागणी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांच्याभोवती दिवसभर लेकरांचा गोतावळा असायचा त्या चौदाव्या मजल्यावर दुपारभर एकट्या असतात, नातू शाळेत, लेक-जावई कामावर, सर शिकवणीत. कागदावर दोघं निवृत्त, पण प्रत्यक्षात निवृत्त झाल्या त्या एकट्या मॅडम. पर्याय मांडताना "दोघांनी रोज करायचं काय" असा प्रश्न असता तर ऑनलाइनचा पर्याय इतक्या लवकर बाजूला पडला नसता असं मला वाटतं.

मॅडमनी आता स्वतःच तोड काढली आहे. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं तर तिथला व्हिसा जातो, त्याच्या आत पाच महिने त्या लातुरात राहणार, हुरड्याच्या आधी येऊन उन्हाळा लागताना परत. सरांना हे पटलेलं नाही. व्हिसाचं नूतनीकरण दरवर्षी मे महिन्यात आहे, शिकवणीचा परवाना जुलै २०२७ ला संपतो. फ्लॅटचा विषय तेव्हा काढायचा असं सर म्हणतात, आणि मॅडम म्हणतात की तेव्हा लातूरचा खालचा मजला रंगवून घ्यायचा आहे.